संगीताच्या पदवीची पूर्वतयारी : सीमेवरील एका गावाच्या निमित्ताने



देवालय आणि संगीत यांचा संबंध या सभेला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पहाटेचा चौघडा, सांजवेळची आरती, पालखीपुढचे पद, सप्ताहातील अखंड भजन आणि काल्याचे कीर्तन ऐकत महाजन घराण्यांतील पिढ्यानुपिढ्या वाढल्या. तथापि घरातील मुलगा अथवा मुलगी बारावीच्या उंबरठ्यावर उभी राहून ‘गाण्याचीच पदवी घ्यावयाची आहे’ असे म्हणते, तेव्हा हीच रसिक घराणी क्षणभर गप्प होतात. गाणे ऐकावे, गाणाऱ्याचा सत्कार करावा, परंतु आपल्या मुलाने त्यावर आयुष्य बेतावे काय, हा प्रश्न त्या गप्पपणात दडलेला असतो. त्याचे उत्तर भावनेने देण्यापेक्षा माहितीने द्यावे, हे बरे. त्यासाठी येथे उदाहरण घेतले आहे ते गोमंतकातील नव्हे, तर दूरच्या एका सीमावर्ती गावाचे. कारण जेथे वाट सर्वांत अवघड तेथील तयारी समजली, की इतरांची सोपी होते.

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात चिंताकी हे गाव आहे. कर्नाटक, महाराष्ट्र व तेलंगण ही तीन राज्ये या टापूत एकमेकांना भिडतात. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बीदर जिल्हा मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा चारही भाषांनी नांदत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि औरादसह उरलेला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिला. रेषा कागदावर ओढली गेली. सोयरिकी, बाजारहाट आणि भजनी मंडळे मात्र रेषेच्या दोन्ही अंगांस पूर्ववत् राहिली. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि वडीलधाऱ्यांच्या जुन्या दस्तऐवजांत उर्दू, असा तेथील व्यवहार आहे. धर्मरक्षणार्थ देव हलविताना ज्यांचे पूर्वज गोव्याबाहेर कारवार, बेळगाव या बाजूंस पांगले, त्या महाजन घराण्यांस ही स्थिती अपरिचित वाटू नये.

या भूमीला संगीताचे वावडे नाही. त्याच जिल्ह्यात हुमनाबादजवळ माणिकनगर आहे. कल्याणजवळच्या लाडवंती येथे १८१७ साली जन्मलेले आणि १८६५ साली समाधिस्थ झालेले श्रीमाणिकप्रभू यांनी मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत अशा अनेक भाषांत पदे रचली, आणि त्यांच्या संस्थानाने गायक-वादकांना आश्रय देण्याची रीत पुढे चालविली. थोडे दक्षिणेस गेले की गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम लागतो. स्वतः अंध असलेले पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यामागून पुट्टराज गवई (१९१४–२०१०) यांनी तेथे अंध व निराधार मुलांना अन्न, आसरा आणि गायन एकत्र दिले. बसवराज राजगुरू त्याच आश्रमाचे शिष्य. भीमसेन जोशी (१९२२–२०११) गदगचे, सवाई गंधर्व (१८८६–१९५२) कुंदगोळचे, मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) धारवाडजवळचे. यांची मायबोली कन्नड, पण त्यांचे अभंग आणि नाट्यपदे महाराष्ट्र-गोव्यातील घराघरांत पोहोचली. उलट दिशेने भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवीत होते. अल्लादियाखाँसाहेबांची (१८५५–१९४६) जी गायकी गोमंतकाच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठी आली, तीच त्यांच्या पुत्रांकडून मन्सूरांना मिळाली. राज्यांच्या सीमांनी रागांची वाटणी कधी केली नाही. पदवीच्या अर्जावर मात्र सीमा असते, आणि तयारीचा अर्धा भाग तेथेच आहे.

प्रथम हे समजून घ्यावे की विद्यालयातील संगीतशिक्षण ही फार जुनी गोष्ट नव्हे. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. गुरूच्या घरी पाणी भरल्यावाचून, केवळ फी देऊन, प्रतिष्ठित घरातील मुलामुलींना वर्गात बसून गाणे शिकता यावे, ही त्या काळी धाडसाची कल्पना होती. त्यांच्या निधनानंतर १९३१ सालीच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण, आणि पुढे अलंकार अशी त्याच्या परीक्षांची शिडी आज गावोगावच्या केंद्रांतून चढता येते. दुसरी वाट पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची. हे वकील गृहस्थ. त्यांनी देशभर हिंडून बंदिशी मिळविल्या, दहा थाटांत रागांची मांडणी केली, आणि १९२६ साली लखनौ येथे निघालेल्या मॉरिस कॉलेजाचा पाया घातला. त्या कॉलेजाची धुरा पुढे त्यांचे शिष्य डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००–१९७४) यांनी वाहिली. हे रातंजनकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते. म्हणजे गाणे आणि पदवी यांचे वैर नाही, हे त्याच पिढीने दाखवून दिले.

यातून एक लाभ सीमाभागातील मुलांना सहज मिळतो, आणि तो बहुधा त्यांना कोणी सांगत नाही. भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ ही मूळ मराठीत लिहिलेली आहे, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ही मराठीतूनच प्रथम आली. ज्या ग्रंथांची हिंदी भाषांतरे वाचून उत्तर हिंदुस्थानातील विद्यार्थी परीक्षा देतात, ते मूळ ग्रंथ चिंताकीच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी आपल्या आईच्या भाषेत वाचू शकते. सीमेवर मराठी शिकल्याने मुलांचे नुकसान होते अशी तक्रार वारंवार ऐकू येते. निदान या एका शास्त्रात तरी ती खरी नाही.

आता समजा, त्या परिसरातील भजनी घरातली एक मुलगी दहावीत आहे. हरिपाठ तिला पाठ आहे, पेटीवर बोट फिरते, एकादशीला चार माणसांत उभी राहून ती गाते. तिच्याजवळ काय आहे व काय नाही, याचा हिशेब प्रथम मांडला पाहिजे. सुरात राहण्याची सवय आहे; आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात मुरला आहे; उच्चार स्वच्छ आहेत; चारचौघांचे भय नाही. पुष्कळ शहरी मुलांजवळ इतकी शिदोरी नसते. नाही ते हे की, आपण गातो त्या चालीत कोणते स्वर लागतात हे तिला नावानिशी सांगता येत नाही, विलंबित लयीत ती कधी बसलेली नाही, आणि एकाच रागात पंधरावीस मिनिटे चाल न बदलता राहण्याचा तिला सराव नाही. प्रवेशाच्या वेळी परीक्षक पाहतात ते नेमके हेच.

म्हणून तयारी दोन-तीन वर्षे आधी सुरू व्हावी. पहिली गोष्ट, स्वतःची पट्टी निश्चित करणे. भजनात पेटीवाला ज्या पट्टीत वाजवील तीत गावे लागते आणि कोवळा गळा ताणला जातो. एकटीने गाताना काळी चार की पांढरी पाच, हे जाणत्या शिक्षकाकडून ठरवून घ्यावे, आणि रियाज पेटीपेक्षा तंबोऱ्यावर करावा. खरा तंबोरा परवडत नसल्यास विजेवर चालणाराही चालेल. षड्ज कानात भरणे महत्त्वाचे. दुसरी गोष्ट, रागांची संख्या वाढविण्याचा मोह टाळावा. यमन, भूप, भैरव, बागेश्री अशा चारसहा रागांत छोटा ख्याल आलाप-तानांसह, आणि त्यांतील एकदोन रागांत बडा ख्याल, इतके पक्के असेल तर वीस रागांच्या नावांपेक्षा ते अधिक मोलाचे ठरते. तिसरी गोष्ट तालाची. त्रितालाच्या १६, एकतालाच्या १२, झपतालाच्या १० आणि रूपकाच्या ७ मात्रा हातावर टाळी-खाली देत, ठाय आणि दुगुन लयीत म्हणता आल्या पाहिजेत. तबल्याच्या साथीवाचून केलेला रियाज परीक्षकांपुढे उघडा पडतो. गावातील पखवाजवाद्याला सोबत घेऊन लय आधी पक्की करावी आणि महिन्यातून निदान दोनदा तबल्याबरोबर बसावे. साथीदार महाविद्यालय देते की आपण न्यावयाचा, हेही आधी विचारून ठेवावे.

चौथी गोष्ट स्वरलिपीची, आणि येथे पुष्कळ हुशार मुले अडखळतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू व तार सप्तकाला वर बिंदू असतो. समेची खूण फुली व खालीची शून्य. पलुसकर पद्धतीत मंद्राचा बिंदू वर येतो, तार सप्तकाला उभी रेघ येते, समेला १ हा आकडा असतो आणि खालीला अधिकाचे चिन्ह. एका पद्धतीतील समेची खूण आणि दुसरीतील खालीची खूण दिसावयास जवळजवळ सारखी! गांधर्व मंडळाच्या केंद्रात एक पद्धती शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीच्या महाविद्यालयात गेला, की पहिले सहा महिने गोंधळतो. आठवड्यातून एक बंदिश दोन्ही पद्धतींत लिहून काढण्याचा परिपाठ ठेवला, तर ही अडचण घरबसल्या संपते.

आता प्रवेश कोठे मागावा? पर्याय मुख्यतः दोन प्रकारचे. कला शाखेच्या पदवीत संगीत हा एक विषय घेणे, हा पहिला. यात इतर विषयांचा आधार राहतो, पण गायनाला वेळ कमी मिळतो. संपूर्ण संगीताची अथवा प्रयोगकलेची पदवी, हा दुसरा. यात वेळ मिळतो, पण निवड स्वरपरीक्षेवर ठरते. कर्नाटकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे संगीत महाविद्यालय आहे, जेथे मन्सूर, राजगुरू आणि गंगूबाई हनगल यांच्यासारख्यांनी शिकविले. म्हैसूर येथे गंगूबाईंच्याच नावाचे संगीत व प्रयोगकला विद्यापीठ आहे. ज्या गंगूबाईंचे (१९१३–२००९) शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही, त्यांच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ सालापासून गुरुकुल पद्धतीने शिकविते. गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवर गोवा विद्यापीठाशी संलग्न असे शासकीय संगीत महाविद्यालय आहे. चिंताकीहून यांपैकी कोणतेही जवळ नाही; म्हणून वसतिगृह मिळते काय, हा प्रश्न अभ्यासक्रमाइतकाच आधी विचारावा, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. विशारद पूर्ण झाले म्हणजे पदवी झाली, असे गावोगाव समजतात. विशारद ही मानाची परीक्षा आहे आणि तिच्या तयारीने गळा व बुद्धी दोन्ही घडतात. परंतु ती विद्यापीठाची पदवी नव्हे. तिला कोणत्या कामासाठी तुल्य मानावयाचे, हे ज्या त्या विद्यापीठाने अथवा नोकरी देणाऱ्या खात्याने ठरवावयाचे असते. तेव्हा विशारद आणि पदवी यांत एकीची निवड करून दुसरी सोडण्याचे कारण नाही. दहावीपर्यंत मध्यमेचा टप्पा गाठला, तर बारावीनंतर पदवीच्या वर्गात ती मुलगी पुढच्या रांगेत बसेल. कर्नाटकातील पदवीपूर्व वर्गांत हिंदुस्थानी संगीत हा विषयही मान्य आहे. जवळच्या महाविद्यालयात तो शिकवितात की नाही, याची चौकशी दहावीच्या निकालापूर्वी करावी.

स्वरांनंतर कागद. हा भाग रुक्ष आहे, पण पुष्कळ गळे येथेच आवळले जातात. सीमाभागातील मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने, शिधापत्रिकेवर कन्नड वळणाने आणि आधारपत्रावर इंग्रजी अक्षरांत तिसऱ्याच वळणाने लिहिलेले आढळते. वडिलांचे नाव कोठे पुरे, कोठे आद्याक्षरात, आणि आडनाव कोठे पुढे, कोठे मागे. प्रवेशाच्या खिडकीपाशी ही तफावत निघाली, तर दुरुस्तीस लागणारे आठवडे मुदतीत बसत नाहीत. नववीत असतानाच सर्व कागद एका टेबलावर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि दुरुस्ती शाळेच्या दाखल्यापासून सुरू करावी, कारण पुढचे कागद त्यावरूनच होतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, रहिवासाचा, उत्पन्नाचा व लागू असल्यास जातीचा दाखला, संगीत परीक्षांची प्रमाणपत्रे, आणि मंडळ वा विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, यांच्या प्रती तयार ठेवाव्या. एका राज्याने दिलेल्या जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यात राखीव जागा मिळेल, असे गृहीत धरू नये.

या भागाला कायद्याने दिलेले काही हक्कही आहेत. २०१२ साली संसदेने संमत केलेल्या घटनादुरुस्तीने ३७१ (ञ) हे कलम आले. त्याअन्वये बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांतील स्थानिक विद्यार्थ्यांसाठी त्या प्रदेशातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के आणि राज्याच्या उर्वरित भागातील संस्थांत ८ टक्के जागा राखण्याची तरतूद झाली. तिचा लाभ आपोआप मिळत नाही. सहायक आयुक्तांच्या कचेरीतून पात्रतेचे प्रमाणपत्र काढावे लागते. दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र शासनाने वादग्रस्त ८६५ गावांतील, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना काही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात आपले मानले आहे. आपले गाव त्या यादीत आहे काय आणि ही सवलत संगीताच्या अभ्यासक्रमास लागू पडते काय, हे त्या त्या विद्यापीठास लेखी विचारावे व लेखी उत्तर जपून ठेवावे. तोंडी आश्वासन फाइलीत लागत नाही. नियम बदलतात, हेही ध्यानी असावे : कर्नाटकात २०२१ साली चार वर्षांची पदवी आली आणि २०२४ साली पुन्हा तीन वर्षांची झाली. गतवर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर न विसंबता त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. लेखी परीक्षेचे उत्तर मराठीतून लिहिता येते की कन्नड वा इंग्रजीतूनच, हाही प्रश्न आधी सोडवावा. शाळेत शिकलेले कन्नड टाकून न देता वाढविले, तर धारवाड व म्हैसूर ही दोन्ही दारे उघडी राहतात.

आणि उदरनिर्वाह? गाण्याने पोट भरते काय, या प्रश्नाची टवाळी करू नये. तो आईबापांचा रास्त प्रश्न आहे. मैफलीचे गवई थोडेच होतात. परंतु केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांच्या संगीतशिक्षकास बारावीबरोबर संगीताची पदवी मागतात, आणि तुल्य परीक्षा कोणत्या चालतील हे जाहिरातीत लिहिलेले असते. पदव्युत्तर शिक्षणानंतर ‘नेट’ परीक्षा देऊन महाविद्यालयांत अध्यापन करता येते. आकाशवाणीची स्वरपरीक्षा आहेच. तेथे कोणी पदवी पाहत नाही, केवळ कान पाहतात. केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वर्षे वयाच्या तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. यांतून श्रीमंती येत नाही; मानाने जगता येते. इतके स्पष्ट सांगून मग निर्णय मुलांवर सोपवावा.

अखेरीस, महाजनहो, एका जुन्या ऋणाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. केरी गावच्या केसरबाई (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई (१९०४–२००१) या देवळाच्या सेवेतील समाजातून आल्या. ज्या देवालयांच्या चौकांत त्यांच्या आयाआज्या गायल्या, त्या देवालयांनी त्यांचे गाणे घेतले. शाळेची पाटी त्यांच्या हाती दिली नाही, आणि पंगतीत बरोबरीचे पानही मांडले नाही. पुढे दोघींनाही पद्मभूषण मिळाले आणि केसरबाईंचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानातून पृथ्वीबाहेर गेला, तेव्हा सर्वांनी अभिमान मिरविला. तो अभिमान खरा करण्याची संधी आज हाताशी आहे. ज्या देवस्थानाच्या कोठीत उत्सवाच्या संगीतासाठी दरसाल रक्कम निघते, त्याला एका मुलाची वा मुलीची प्रवेश फी, वसतिगृहाचा खर्च आणि एक तंबोरा यांची तजवीज करणे जड नाही. ते मूल महाजन घराण्यातीलच असावे, गोमंतकातीलच असावे, असा दंडक नसावा. जात व गाव न विचारता केवळ स्वर ऐकून ते निवडावे. त्या यादीत कधीकाळी चिंताकीसारख्या गावची एखादी मुलगीही असू शकेल. तिने पदवी घेऊन परत यावे आणि तिच्या गावच्या शाळेत पन्नास मुलांना षड्ज लावावयास शिकवावा, यापरते देवाच्या दारी दुसरे कोणते दीपदान असेल?